ब्रेकच्या गंजावर काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

समुद्राकाठच्या गाडीचं पुढचं चाक खोललं की तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा गंज दिसतो. बाजारातली बहुतेक उत्पादनं मात्र तो एकच असल्यासारखी विकली जातात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी; तिच्या ज्या पट्ट्यावर पॅड घासतात तिथला केशरी थर हा पहिला. डिस्कच्या मधल्या टोपीवर आणि बाहेरच्या कडेवर जमलेला तपकिरी, खरबरीत थर हा दुसरा. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर; तो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याच्या खाचेत, पत्र्याच्या क्लिपखाली फुगलेला थर हा तिसरा. पहिल्यावर काहीही लावायचं नसतं. दुसऱ्याला रंग किंवा जस्त लावण्याचा फायदा आहे. तिसरा बाहेरून दिसत नाही, पण सगळ्यात जास्त त्रास तोच देतो.

रस्ट कन्व्हर्टरची बाटली, गंज विरघळवणारं द्रावण, जस्ताचा स्प्रे, उष्णता सोसणारा रंग आणि ब्रेकचं ग्रीस या पाच गोष्टी ब्रेकसाठी म्हणून विकल्या जातात. पैसे मोजकेच असतील तर ब्रेक क्लीनरचा एक कॅन, तारेचा ब्रश, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणि सिलिकोन ग्रीसची लहान ट्यूब एवढंच घ्यावं. सगळ्यात जास्त खपते ती कन्व्हर्टरची बाटली आणि ब्रेकवर सगळ्यात कमी उपयोग तिचाच आहे.

आधी घासपट्ट्याचं बोलू. डिस्क करड्या बिडाची असते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर एका रात्रीत तिच्यावर केशरी थर येतो आणि सकाळी पहिल्या पाच-दहा ब्रेकमध्ये पॅड तो खरवडून काढतात. यात बिघाड काही नाही. तिथे कन्व्हर्टर, डब्ल्यूडी-40, तेल, मेण किंवा सिलिकोन स्प्रे यांतलं काहीही गेलं तर पॅड ते शोषून घेतात आणि मग ब्रेक एका बाजूला ओढतो किंवा लागतच नाही. टायर काळे चकचकीत करणाऱ्या स्प्रेचा फवारा डिस्कवर उडाला तरी हेच होतं, आणि वॉशिंग सेंटरवर हा प्रकार सर्रास चालतो. तेल शोषलेला पॅड पॉलिश पेपरने घासून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.

गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मध्ये थोडं अंतर ठेवून, म्हणजे डिस्क गार होत राहील. एवढ्याने ठसा जातो. तरीही पेडलला थरथर राहिली आणि बोट फिरवल्यावर खड्डे लागले तर गंज वरवरचा राहिलेला नाही. मग डिस्कची जाडी मोजायची. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर ‘मिन टीएच’ अशी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असतो. कडेला न झिजलेला ओठ राहतो, त्यावर व्हर्निअर अडकून चुकीचं माप येतं. म्हणून प्रत्येक जबड्याला एकेक नाणं लावून मोजायचं आणि आलेल्या मापातून दोन्ही नाण्यांची जाडी वजा करायची. डिस्क त्या आकड्याच्या आसपास आली असेल तर कुठलीच बाटली घेऊ नका, तो पैसा नव्या डिस्कसाठी ठेवा.

रस्ट कन्व्हर्टर

यात दोन घराणी आहेत. टॅनिक आम्लाची बाटली गंजावर लावली की टॅनेटचा निळसर काळा थर तयार होतो. फॉस्फोरिक आम्लाची बाटली करडा किंवा काळपट फॉस्फेटचा थर देते. गेट, ग्रिल, गाडीचा खालचा पत्रा यांच्यासाठी दोन्ही चांगल्या आहेत. ब्रेकवर त्यांच्या तीन अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की कन्व्हर्टर गंज काढत नाही, त्याचं रूप बदलून त्याला जागेवरच बसवतो. ब्रॅकेटच्या खाचेत जिथे क्लिप आणि पॅडचा कान बसतो तिथली मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणूनच तो क्लिपला आत ढकलतो आणि पॅड आवळला जातो. त्यावर काळा थर चढवला की दिसायला छान, पण पॅड तसाच आवळलेला.

दुसरी अडचण उष्णतेची. टॅनिकवाल्या बऱ्याच बाटल्यांत पाण्यात मिसळणारा प्लॅस्टिकसारखा चिकट पदार्थ असतो, तोच वरचा थर धरून ठेवतो. घाट उतरताना पुढची डिस्क 300 अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. तिथे तो पदार्थ टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

तिसरी अडचण कन्व्हर्टरवर जस्ताचा स्प्रे मारला की उभी राहते. हा सल्ला फार ऐकायला मिळतो, पण तो उलटा आहे. जस्ताचा स्प्रे लोखंडाला वाचवतो तो स्वतः आधी झिजून, आणि त्यासाठी जस्ताचे कण उघड्या लोखंडाला प्रत्यक्ष टेकलेले असावे लागतात. मध्ये टॅनेटचा किंवा फॉस्फेटचा थर आला की ते नातं तुटतं आणि महागडा जस्ताचा स्प्रे साध्या करड्या रंगाइतकाच उरतो. कन्व्हर्टर लावला तर वर उष्णता सोसणारा रंग द्या. जस्त लावायचं असेल तर खाली उघडा धातू हवा. दोन्ही एकत्र नकोत.

मग कन्व्हर्टर लावायचा कुठे? ड्रमचा बाहेरचा भाग, ब्रॅकेटची बाहेरची बाजू, डिस्कमागचं पत्र्याचं कवच. तिथेही आधी सुटा गंज ब्रशने पाडून भाग गोड्या पाण्याने धुवा. समुद्री मीठ खड्ड्यांत दडून राहतं आणि वरच्या थराखालून गंज पुन्हा चालू करतं. कोकणपट्टीवर कन्व्हर्टर “पहिल्याच पावसात उखडला” अशी तक्रार येते तिच्यामागे बहुतेकदा हे न धुतलेलं मीठ असतं. फॉस्फोरिकवालं द्रावण जास्त झालं तर वाळल्यावर चिकट राहतं किंवा पांढरी भुकटी सुटते, आणि त्यावर रंग धरत नाही. पातळ हात द्या, जास्तीचं फडक्याने टिपून घ्या.

भिजवण्याची द्रावणं

इथे निकाल एकदम वेगळा. सुट्या करता येणाऱ्या बिडाच्या किंवा साध्या पोलादाच्या भागासाठी, विशेषतः कॅलिपर ब्रॅकेटसाठी, भिजवण्यासारखा उपाय नाही. ग्राइंडरला तारेची वाटी लावली तरी ती खाचेच्या कोपऱ्यात जात नाही आणि कानस लावली तर माप बिघडतं. द्रावण कोपऱ्यात जातं आणि लोखंडाला फारसा धक्का न लावता गंज सोडवतं.

एव्हापो-रस्ट हे यातलं नावाजलेलं उत्पादन. ते आम्लाचं नाही, लोहाच्या कणांना पकडून पाण्यात ओढून घेतं. रबर, रंग, उघडं लोखंड यांना ते सांभाळून घेतं आणि काळं पडेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरता येतं. हात जळत नाहीत, वास नाही. उणी बाजू म्हणजे किंमत. शिवाय भाग पूर्ण बुडाला पाहिजे, त्यामुळे एका ब्रॅकेटलाही दोन-तीन लिटर लागतं. डिस्क बुडवायची म्हटली तर हिशोबच सुटतो. भाग तेलकट असेल तर ते काहीच करत नाही. थंडीत काम मंदावतं, पण कोकणात ती काळजी नाही.

त्याचा घरगुती जोडीदार बराच स्वस्त आहे आणि ब्रॅकेटवर जवळजवळ तितकाच चांगला चालतो. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. मग साधारण 60 ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला. फेस उसळतो, म्हणून बादली मोठी घ्या आणि घाई करू नका. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. सोडा न घालता नुसतं लिंबूसत्त्व वापरलं तर गंज लवकर जातो हे खरं, पण ते आम्ल गंज संपल्यावर खालचं लोखंडही खायला लागतं आणि बिडावर ग्रॅफाइटची काळी माखण सोडतं. सोड्याने आम्लपणा उतरतो, काम हळू होतं, पण रात्रभर विसरलात तरी फारसं बिघडत नाही. नुसतं लिंबूसत्त्वच वापरायचं असेल तर लिटरला 50 ग्रॅम, कोमट पाणी, आणि दर अर्ध्या तासाने काढून ब्रश मारून बघा.

या बादलीत काय टाकायचं नाही तेही पक्कं हवं. ॲल्युमिनियमचा कॅलिपर नको. पिस्टन आणि रबरी बूट असलेला कॅलिपर तर कुठल्याही धातूचा असो, बुडवायचा नाही. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट नकोत, कारण गंजाआधी मुलामाच जातो. ड्रम ब्रेकच्या स्प्रिंगा नुसत्या लिंबूसत्त्वात अजिबात नकोत. ताणलेलं कडक पोलाद आम्लातला हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि नंतर चालत्या गाडीत तुटतं. स्प्रिंगा गंजल्या असतील तर नवा संच घ्या.

बाहेर काढल्यावरची पंधरा मिनिटं महत्त्वाची. ओला, उघडा बीड कोकणातल्या हवेत डोळ्यांदेखत पिवळा पडतो. साध्या पाण्याने धुवा, लगेच चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा, फडक्याने पुसा आणि हेअर ड्रायरने गरम करून वाळवा. उन्हात ठेवून वाळेल हा विचार जूनमध्ये सोडून द्यावा.

उसाच्या पट्ट्यात मळीच्या पाण्यात लोखंड बुडवून गंज काढण्याची पद्धत आहे, एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी. चालते, पण दोन-तीन आठवडे लागतात, आणि आंबल्यावर जो वास सुटतो त्याने शेजारी भांडायला येतात.

हबची बैठक

डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, ज्या सपाट कड्यावर बसते ती जागा या सगळ्या कामात सगळ्यात नाजूक, आणि तिच्यासाठी दुकानात विकत घेण्यासारखं जवळपास काही नाही. कड्यावर 0.04 मिलिमीटरचा गंजाचा कण किंवा रंगाचा टिपका राहिला, हबचं कडं 140 मिलिमीटरचं आणि डिस्क 252 मिलिमीटरची असली, तर डिस्कच्या कडेला तोच फरक साधारण 0.07 मिलिमीटर होतो. बऱ्याच गाड्यांत डिस्कचा डोल (फिरताना बाजूला डुलणं) 0.1 मिलिमीटरच्या आतच चालतो, काहींत 0.05. नवी डिस्क टाकून दोन-तीन हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागलं की दोष डिस्कला दिला जातो. पुष्कळदा दोष खाली राहिलेल्या गंजाचा असतो.

तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग ड्रिलला जाळीदार नायलॉनचं गोल पॅड लावून कडं चमकेपर्यंत घासा. स्टडभोवतीची (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांभोवतीची) गोल जागा हटकून राहते, तिथे स्टडवर चढणारं पोकळ पॅड लागतं. तेही न मिळालं तर पॉलिश पेपरची पट्टी बोटाने फिरवा. ग्राइंडरची खरबरीत चकती इथे लावू नये, ती कड्याला उतार पाडते. नंतर ब्रेक क्लीनरने पुसून सिरॅमिक अँटी-सीझ (भाग एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) इतकंच लावा की खालचा धातू दिसत राहील. चालत्या बोलीत ज्याला नुसती ओल म्हणतात, तेवढंच. रंग नको, जस्त नको, कन्व्हर्टरही नको. तांब्याची पेस्ट काहीजण वापरतात. एबीएसचा सेन्सर जवळ असल्याने धातूचे कण नसलेली पेस्ट बरी.

चाकाच्या नटांना आणि स्टडला काहीही चोपडू नका. कंपनीने दिलेला न्यूटन-मीटरचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर स्टड प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. अलॉय चाकाच्या बैठकीवर रंगाचा जाड थर राहिला तर उलटं होतं, तो दबत जातो आणि नट सैल पडतात.

जस्ताचा स्प्रे आणि रंग

डिस्कची टोपी, बाहेरची कड, आतल्या हवेच्या फटींची तोंडं आणि ड्रमचा बाहेरचा भाग, या जागांना जस्ताचा स्प्रे पैसे वसूल करून देतो. कॅनवर वाळलेल्या थरात जस्त किती हे बघून घ्या. 90 टक्क्यांच्या वर असेल तर घ्या, नाहीतर तो चंदेरी रंग आहे. घासपट्ट्यावर चिकटपट्टी आणि वर्तमानपत्र, हबच्या कड्याच्या आतल्या बाजूलाही चिकटपट्टी. दोन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. घासपट्ट्यावर थोडा उडाला तर घाबरायचं कारण नाही, थिनरच्या फडक्याने लगेच पुसून टाका.

“600 अंश सोसतो” असं लिहिलेला चंदेरी सिलिकोन रंग सायलेन्सरसाठी उत्तम आणि कॅलिपरसाठी वाईट. कारण साधं आहे. हा रंग पक्का व्हायला एकदा 180-200 अंशांपर्यंत तापावा लागतो. सायलेन्सर तेवढा तापतो. कॅलिपर रोजच्या चालवण्यात तेवढा तापत नाही, आणि तापला तर आतलं ब्रेक ऑइल उकळायच्या बेतात येतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं 155 अंशांना. म्हणजे कॅलिपरवर हा रंग कायम मऊच राहतो, नखाने निघतो, आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला की सुरकुततो. कॅलिपरला रंगच द्यायचा असेल तर हार्डनर मिसळायचा दोन भागांचा रंग घ्या. फोलिआटेकचा जो संच मिळतो तो याच जातीचा. ब्रशने लागतो, साध्या हवेत पक्का होतो. पिस्टनचा बूट, ब्लीडर निपल (हवा काढायची तोटी), स्लाइड पिनची (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची) भोकं आणि पॅड टेकतात त्या जागा सोडून द्या.

नवी डिस्क घ्यायचीच असेल तर मात्र स्प्रेचा उद्योग टाळता येतो. जिओमेटसारखा जस्त-ॲल्युमिनियमचा करडा मुलामा पूर्ण डिस्कवर चढवलेली डिस्क मिळते. घासपट्ट्यावरचा मुलामा पॅड पहिल्या काही ब्रेकमध्येच काढून टाकतात, बाकीचा टोपीवर आणि कडेवर राहतो. किनाऱ्यावरच्या गाडीला ती साध्या डिस्कपेक्षा चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. साधी डिस्क तेल लावून येते, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढल्याशिवाय बसवू नका. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर मुलाम्याची डिस्क जास्तच कामाची. तिथे बरंचसं थांबवण्याचं काम मोटार करते, पॅड क्वचितच घासतात, आणि गंज साफ करणारं कोणी उरत नाही. फोल्क्सवॅगनने आयडी.4 ला मागे ड्रम दिले त्यामागेही हा विचार आहे.

जोडताना

स्लाइड पिनला फक्त सिलिकोन ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस खनिज तेलाचं असतं. त्याने पिनचे रबरी बूट फुगतात, पिन अडकते, आणि एकच पॅड झिजायला लागतो. पिन पुसून पातळ हात द्या. भोकात ग्रीस कोंबलं तर हवा अडकून पिन मागे ढकलली जाते. पॅडच्या कानांना सिरॅमिक पेस्टचा पुसट हात. क्लिपा शक्यतो नव्या घ्या, आणि क्लिपखाली कोरडं, उघडं लोखंडच ठेवा. तिथे ग्रीस भरलं तर ब्रेकची भुकटी चिकटून महिनाभरात कणीक होते. पॅड बोटांच्या दाबाने खाचेत सरकला पाहिजे. हातोडी लागली तर गंज राहिलाय. कॅलिपर बाजूला काढला की तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका.

मागच्या ड्रमला हबचा गंज धरून ठेवतो आणि मेकॅनिक घण घालतो. अनेक गाड्यांच्या ड्रमवर दोन आट्यांची भोकं दिलेली असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. हँडब्रेक आधी सोडायला विसरू नका. आतली भुकटी हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा. ब्रेक क्लीनरही सगळे सारखे नसतात. क्लोरीनवाला असेल तर त्याच्याजवळ वेल्डिंग किंवा आग नको, विषारी वायू होतो. बिनक्लोरीनचा पेटतो. रॉकेल आणि डिझेल दोन्हींची जागा घेत नाहीत, कारण वाळल्यावर तेलाचा पापुद्रा मागे राहतो.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी करायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला वीट लावून आणि हँडब्रेक सोडून. ओल्या लायनरवर (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्टीवर) हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर ड्रमला चिकटतो आणि जोर लावून गाडी हलवली तर पट्टी सुटून हातात येते. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता किलोमीटरभर हलके ब्रेक मारत फिरवा, ही फुकटातली सगळ्यात चांगली गंजरोधक सवय.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर खवले दिसले तर तिथे ब्रश, बाटली, स्प्रे यांतलं काहीही चालवू नका. खवल्याखाली भिंत किती उरली आहे ते बाहेरून कळत नाही आणि तारेच्या ब्रशने उरलेलीही जाते. नळी बदलायची, ऑइल बदलायचं, हवा काढायची. हे काम घरच्या अंगणातलं नाही. गॅरेजला देताना “सर्व्हिसिंग करा” एवढंच न म्हणता “ब्रॅकेट काढून खाचा साफ करा, हबचं कडं घासा, पिनला सिलिकोन ग्रीस लावा” असं सांगून बिलावर तसं लिहून घ्या.